हॅवलॉकचे किनारे: सात नंबर, पाच नंबर की एलिफंट?

अंदमानच्या पाच-सहा दिवसांच्या सहलीत हॅवलॉकच्या वाट्याला बहुधा दोन रात्री येतात. सरकारी नाव २०१८ पासून स्वराज द्वीप, पण जेटीवर आणि बाजारात अजून हॅवलॉकच चालतं. टूरवाल्याच्या कागदावर तीन नावं ठरलेली असतात: राधानगर, एलिफंट, कालापत्थर. तिन्ही दाखवतात, पण गाडीच्या आणि बोटीच्या सोयीने. समुद्राची सोय कोणी विचारत नाही. मग पाच नंबरवर, म्हणजे विजयनगरला, राहणारा माणूस दुपारी टॉवेल घेऊन निघतो आणि समोर गुडघाभर पाणी आणि नुसते दगड बघून परत येतो. किनाऱ्यात खोट नसते, वेळ चुकलेली असते.

आधी बेट समजून घ्या. बोट लागते ती उत्तरेकडच्या जेटीवर, म्हणजे एक नंबर. तिथून दोनेक किलोमीटरवर गोविंदनगरचा बाजार, तीन नंबर. इथे रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक पूर्व किनाऱ्याने विजयनगर, म्हणजे पाच नंबरवरून कालापत्थरला जातो. दुसरा बेट आडवं ओलांडून, भातशेती आणि सुपारीच्या बागांमधून पश्चिमेला राधानगरला, म्हणजे सात नंबरला उतरतो. जेटीपासून कुठल्याही टोकाला साधारण बारा किलोमीटर. गावांची नावं ऐकूनच कळतं की वस्ती फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या लोकांची आहे. त्यामुळे बाजारातल्या साध्या हॉटेलात माशाची बंगाली थाळी मागवावी. पनीर बटर मसाला कुठेही मिळतो.

निवड करताना तीन गोष्टी बघायच्या: भरती-ओहोटी, वारा आणि सूर्य. यातली भरती-ओहोटी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित. इथे पाण्याचा चढउतार मुंबईच्या निम्मासुद्धा नसतो, उधाणाला जेमतेम दोन मीटर. पण पूर्व किनाऱ्याचा तळ इतका सपाट आहे की पाणी दोन मीटर उतरलं की समुद्र शेकडो पावलं मागे सरतो आणि मेलेल्या प्रवाळाचे धारदार दगड उघडे पडतात. पश्चिमेला राधानगरचा तळ वाळूचा आणि उतरता, म्हणून तिथे ओहोटीतही पोहता येतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास हा फरक मोठा, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, कमी. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा कोकणातला ठोकताळा मात्र इथे लावू नका, त्या वेळा आपल्या किनाऱ्याच्या आहेत. पोर्ट ब्लेअरचं (आता श्री विजयपुरम) भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर आधीच उतरवून ठेवा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे पहिल्या दिवसाची वेळ कळली की बाकीचा हिशेब बोटांवर होतो.

वाऱ्याचा नियम सोपा आहे. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा असतो. तेव्हा राधानगरला लाटा उंच आणि ओढ जबर, पूर्व किनारा तुलनेने शांत. नोव्हेंबर ते जानेवारी ईशान्येचा वारा, तेव्हा उलटं: पाच नंबरला पाणी खळबळलेलं आणि गढूळ, राधानगर तळ्यासारखं. फेब्रुवारी ते एप्रिल दोन्हीकडे समुद्र बरा असतो आणि पाण्याखालीही स्वच्छ दिसतं. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी परतीच्या बोटीनंतर लगेच विमान ठेवू नये. हवामान बिघडलं की फेऱ्या रद्द होतात, आणि तेव्हा तिकिटाचे पैसे परत मिळूनही उपयोग नसतो.

आणि सूर्य. अंदमानात घड्याळ भारताचं असलं तरी बेटं ब्रह्मदेशाच्या बाजूला आहेत. डिसेंबरात पाच वाजून गेले की सूर्य बुडालाच, मुंबईपेक्षा तासभर आधी. मे महिन्यात पहाटे पाचच्या सुमारास उजाडतं. दुपारी जेवून, जरा पडून, पाचला निघू म्हणणाऱ्यांना राधानगरचा सूर्यास्त मिळत नाही. डिसेंबरात साडेतीनला तिथे पोचलेलं असावं.

राधानगरबद्दल बोलायचं तर, टाइम मासिकाने २००४ मध्ये याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं. ती पाटी अजून टूरवाले मिरवतात. २०२० मध्ये ब्लू फ्लॅगही, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळाला, आणि तो निदान डोळ्यांना दिसतो: कपडे बदलायच्या खोल्या, स्वच्छतागृहं, कचऱ्याचे डबे, जीवरक्षक. कौतुक खोटं नाही. सुमारे दोन किलोमीटर बारीक पांढरी वाळू, पाठीशी समुद्री महुआची उंच सरळ झाडं. सावली वाळूच्या कडेपर्यंत येते, त्यामुळे आजी-आजोबांना बसायला याच्याइतकी चांगली जागा बेटावर दुसरी नाही. पोहायला, लहान मुलांना पाण्यात खेळवायला हाच किनारा. पण मास्क लावून मासे बघायला इथे येऊ नका, तळ सगळा वाळूचा आहे, दिसणार काही नाही.

गर्दी प्रवेशद्वारासमोरच्या पट्ट्यात अडकलेली असते. दुपारी तीन ते पाच सगळ्या टूरच्या गाड्या इथेच ओततात. समुद्राकडे तोंड करून उजवीकडे दहाएक मिनिटं चाललात की नील्स कोव्ह नावाचं खडकांनी राखलेलं छोटं वळण येतं. पाणी हिरवंगार आणि थांबलेलं, फोटोत बेटावरचं सगळ्यात देखणं. मात्र तिथली मगरीची पाटी शोभेची नाही. २०१० मध्ये याच भागात पाण्यात उतरलेल्या एका अमेरिकन पर्यटक तरुणीचा मगरीने बळी घेतला. खाऱ्या पाण्यातली मगर खाडी आणि खारफुटीच्या आसपास वावरते आणि अंधार पडताना जास्त हालते. म्हणून सूर्य बुडाल्यावर कुठल्याच किनाऱ्यावर पाण्यात राहू नका, आणि जीवरक्षकाने शिट्टी वाजवली की वाद न घालता बाहेर या. राधानगरची खरी वेळ सकाळी सात ते दहा. गाड्या आलेल्या नसतात, ऊन मागून येतं म्हणून पाण्याचा रंग खुलतो, आणि फोटोत अनोळखी माणसं कमी येतात. सूर्यास्तासाठी दुसऱ्यांदा यायला हरकत नाही. समुद्रात पोहणारा हत्ती मात्र विचारू नका. तो राजन २०१६ मध्येच गेला, जाहिरातीतली छायाचित्रं जुनी आहेत.

एलिफंट बीच हा मुळात किनारा म्हणून सुमार आहे. वाळूची पट्टी अरुंद, २००४ च्या त्सुनामीने उन्मळलेल्या झाडांचे पांढरे पडलेले बुंधे अजून पाण्यात आडवे आहेत, आणि उरलेल्या जागेत दुकानं आणि वॉटर स्पोर्ट्सचा गोंगाट. इथे यायचं ते पाण्याखालचं बघायला, कारण प्रवाळ किनाऱ्यापासून फार लांब नाही. २०१० मध्ये पाणी तापून बराच प्रवाळ पांढरा पडला, तेव्हा रंगीबेरंगी बगिच्याची अपेक्षा ठेवू नका. मासे मात्र भरपूर: पोपटमासे, पट्ट्यापट्ट्यांचे सार्जंट, नशीब असेल तर समुद्रफुलात लपलेला क्लाउनफिश.

जायचे दोन मार्ग. जेटीवरून स्पीडबोट, वीस-पंचवीस मिनिटं. माणशी भाडं हजाराच्या आसपास, दर बदलत राहतात, त्यात थोडा वेळ स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून तरंगत पाण्याखालचं बघणं, धरलेलं असतं. ‘थोडा वेळ’ म्हणजे रबरी रिंगेला धरून गाइडने ओढत नेलेली एक छोटी फेरी. लांबवर न्यायचे, फोटोचे, व्हिडिओचे पैसे वेगळे, आणि हे पाण्यात उतरल्यावर सांगतात. आधी काठावरच ठरवून घ्या. दुसरा मार्ग राधानगरच्या रस्त्यावरून जंगलातून पायी, पाऊण तास, पावसानंतर चिखल आणि जळवा. शेवटचा टप्पा खारफुटीतून जातो आणि मोठ्या भरतीत पाण्याखाली असतो, म्हणून स्थानिक वाटाड्याशिवाय जाऊ नये. सकाळची पहिली बोट घ्या. दहानंतर इतके पाय तळ ढवळतात की मास्कमधून नुसती धूळ दिसते.

मास्कबद्दल, कारण निम्म्या लोकांचे पैसे इथे वाया जातात. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर दाबा, नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर माप बरोबर. केसांची बट किंवा मिशी रबराखाली आली की पाणी शिरणारच. मिशीवाल्यांनी मास्क जरा वर, नाकाच्या बुडाशी दाबून बसवावा, तरीही थोडं पाणी झिरपतं. काच धुकटते त्यावर उपाय थुंकी: चोळायची, एकदा विसळायची. किळस वाटत असेल तर बेबी शाम्पूचा थेंब न्या. तोंडातली नळी दातांनी चावू नका, ओठांनी धरा. अंगात पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट हवाच, पाण्यावर पालथं तरंगताना पाठ भाजते आणि कळतं रात्री. दमल्यावर प्रवाळावर उभं राहायचं नाही. प्रवाळ मोडतो आणि तळवाही फाटतो. सर्दी किंवा कान दुखत असेल तर हेल्मेट घालून तळावर चालण्याच्या खेळात पैसे घालू नका, कानावरचा दाब सहन होत नाही.

विजयनगर, पाच नंबर, हा राहण्यासाठी उत्तम आणि पाहुण्यांच्या यादीत नसलेला किनारा. वाळूवर झुकलेली झाडं, समोर फिकट निळा समुद्र, मागे खानावळी आणि डायव्हिंगची दुकानं. भरतीच्या आधीचा आणि नंतरचा तास-दीड तास पोहायला फार छान, नंतर पाणी निघून जातं आणि होड्या वाळूवर कलंडतात. ओहोटीत जुन्या सँडल घालून डबक्यांमधून फिरा: शंखात राहणारे खेकडे, समुद्री काकड्या, काळे काटेरी समुद्री साळू. अनवाणी जाणाऱ्याला साळूचा काटा बसतो, तो आत तुटतो आणि दिवसभर ठणकतो. खोली घेताना ‘समुद्रासमोर’ हे ऐकून भुलू नका, तुमच्या तारखांना भरती किती वाजता आहे ते आधी बघा. तीन नंबरचा किनारा याच्याच जातीचा, पण बाजार आणि जेटी जवळ. गाडी न घेता राहायचं असेल तर तो सोयीचा.

कालापत्थरला पाऊण तास पुरे. काळे खडक, पहाटेचा लालसर उजेड, रस्त्याकडेला शहाळी. पोहायला खडक आडवे येतात, आणि मोठ्या भरतीत वाळू जवळजवळ संपते. दुपारी अकराला इथे उतरवून फोटो काढायला लावतात, त्यात काही राम नाही. स्कूटर भाड्याने घेऊन उजाडण्याआधी जाणं हाच प्रकार करण्यासारखा. अंधारात रस्त्यावर गुरं बसलेली असतात, वेग आवरा.

सगळ्याच किनाऱ्यांवर, विशेषतः सकाळ-संध्याकाळ ओल्या वाळूवर, सँडफ्लाय, म्हणजे वाळूतल्या बारीक माश्या, चावतात. चावताना समजत नाही, दुसऱ्या दिवशी लाल गांधी उठतात आणि आठवडाभर खाज जात नाही. चटईवर बसा, पायांना खोबरेल तेल चोपडा, लांब पँट घाला, खाजवू नका.

नील, म्हणजे शहीद द्वीप, यादीत असेल तर हेच गणित तिथेही लागतं. भरतपूर भरतीला बघा, लक्ष्मणपूर दोनचा दगडी पूल फक्त ओहोटीला गाठता येतो, एकाच फेरीत दोन्ही साधतीलच असं नाही.

हॅवलॉकच्या दोन रात्रींचा क्रम असा लावा. पहिल्या दिवशी दुपारी पोचून थेट राधानगर, सूर्यास्तापर्यंत. दुसऱ्या दिवशी पहिल्या बोटीने एलिफंट, आणि परतल्यावर भरती असेल तर पाच नंबरला पोहणं, ओहोटी असेल तर डबकी बघत फेरफटका. तिसऱ्या दिवशी पहाटे कालापत्थर किंवा पुन्हा राधानगर, परतीच्या बोटीची वेळ बघून. स्कूबा करायचं असेल तर ते दुसऱ्या दिवशीच उरका: एका डाइव्हनंतर विमानाआधी किमान बारा तास, एकाहून जास्त झाल्या तर अठरा तास जायला हवेत. आणि मुलांच्या खिशातले प्रवाळाचे तुकडे खोलीतून निघण्याआधी वाळूवर परत टाकायला लावा. वन्यजीव कायद्याखाली ते नेणं गुन्हा आहे आणि विमानतळावर बॅग उघडायला लावतात.