ग्लो इंजिनची निडल: कानाने लावायची की टॅकोमीटरने?

रेडिओ कंट्रोलच्या ट्रेनर (शिकाऊंच्या) मॉडेल विमानावर ०.४६ घनइंचाचं, म्हणजे साधारण साडेसात सीसीचं, मेथॅनॉलवर आणि ग्लो प्लगवर चालणारं ग्लो इंजिन बसवलं, पण निडल, म्हणजे कार्ब्युरेटरमधून जाणारं इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू, नेमकी कुठे ठेवायची ते कळत नाही. मग टॅकोमीटर, म्हणजे प्रॉपेलरचे मिनिटाला होणारे फेरे (आरपीएम) मोजणारं यंत्र, घ्यावा का? माझं मत स्पष्ट आहे. इंजिन टू-स्ट्रोक असेल तर आधी कान तयार करा. फोर-स्ट्रोक असेल तर टॅकोमीटर आधी घ्या.

टू-स्ट्रोकच्या आवाजावरून बरंच कळतं. मिश्रण रिच असताना, म्हणजे इंधन जास्त असताना, आवाज जाडसर आणि अडखळता येतो, धूरही भरपूर निघतो. निडल एकेक क्लिक आवळत गेलात की एका टप्प्यावर आवाज एकदम मोकळा, चढा आणि सलग होतो. त्याही पुढे आवळली तर मिश्रण लीन होतं, म्हणजे इंधन कमी पडतं, आणि आरपीएम पडायला लागतात. खात्रीसाठी पूर्ण थ्रॉटलवर टाकीकडून कार्ब्युरेटरला जाणारी नळी क्षणभर चिमटीत दाबून सोडा. आरपीएम किंचित चढले तर मिश्रण थोडं रिच आहे, तसंच हवं. दाबताक्षणी पडले तर निडल उघडा. हात मात्र कायम प्रॉपेलरच्या मागूनच न्या.

आयडलवरही, म्हणजे इंजिन सर्वात कमी वेगावर चालू असतानाही, हीच चिमटी चालते, पण तिथे स्क्रू कोणता आहे ते आधी पाहा. एअर-ब्लीड कार्ब्युरेटरचा स्क्रू आत फिरवला की हवेचं भोक बंद होतं आणि मिश्रण रिच होतं. दोन निडलच्या कार्ब्युरेटरमध्ये तोच स्क्रू आत फिरवला की लीन. ‘काहीही केलं तरी बिघडतच जातं’ या तक्रारीमागे पुष्कळदा ही उलट दिशा असते.

टॅकोमीटरची खरी किंमत आकडा लिहून ठेवण्यात आहे. सर्वोच्च आरपीएम शोधा, मग निडल उघडत तीनेकशे आरपीएम खाली या, आणि प्रॉपेलर, इंधनातल्या नायट्रोचं (नायट्रोमिथेनचं) प्रमाण, त्या दिवशीचं तापमान वहीत टिपा. पुढे कधी त्याच प्रॉपेलरवर पाचशे आरपीएम कमी दिसले, तर प्लग थकलाय किंवा इंधन खराब झालंय असा संशय घेता येतो. मेथॅनॉल ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात कॅनचं झाकण सैल राहिलं तर हे सहज होतं. असा हळूहळू पडणारा फरक कानाला कळत नाही. टॅकोमीटर खरा दाखवतो का, हेही घरीच तपासता येतं: दोन पात्यांच्या सेटिंगवर जुन्या चोकच्या ट्यूबलाइटसमोर धरा, ३००० दिसायला हवेत.

तरीही आकडा जमिनीवरचाच. दोन्ही पद्धतींनंतर, शक्यतो मदतनीस सोबत घेऊन, विमानाचं नाक पूर्ण थ्रॉटलवर सरळ वर करा. आरपीएम टिकले किंवा जरा चढले तर उडवा, पडले तर निडल उघडा. पुण्यात बसवलेली सेटिंग मुंबईत तशीच वापरू नका. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, खाली समुद्रसपाटीला हवा दाट, त्यामुळे तीच निडल लीन पडते. दुपारची सेटिंग थंडीतल्या पहाटेही अशीच दगा देते.

फोर-स्ट्रोकमध्ये सर्वोच्च बिंदू कानाला नीट सापडत नाही आणि चूक महाग पडते. लीन झालं की इंजिन ठोके मारतं, नट ढिला होऊन प्रॉपेलर निसटू शकतो. इथे टॅकोमीटर नसेल तर निडल मुद्दाम रिचकडेच ठेवा.

टाकी भरलेली असताना नीट चालणारं इंजिन अर्ध्या टाकीनंतर लीन होत असेल किंवा आरपीएम आपोआप वरखाली होत असतील, तर टॅकोमीटरची खरेदी थांबवा. टाकीच्या आत इंधन ओढणाऱ्या नळीच्या टोकाला वजन असतं; ती नळी बाहेर काढा, एक टोक बंद करून पाण्यात बुडवा आणि दुसऱ्या टोकाने हवा भरा. बुडबुडे आले तर नळी बदला. नाही आले तर निडलची ओ-रिंग (रबरी कडी) तपासा.