जुना एसएमपीएस कधी बदलावा? नवा बसवून एक उन्हाळा काढल्यानंतर

जानेवारीच्या थंडीत सीसॉनिकचा फोकस जीएक्स-६५० हा एसएमपीएस (कॅबिनेटमधला, कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) बसवला. त्यावर नागपूरचा अख्खा उन्हाळा काढला आणि आता पावसाळ्यात लाईन येण्या-जाण्याचा खेळ सुरू झाल्यावर लिहायला बसलोय. नव्याबद्दल सांगण्यासारखं थोडकंच आहे. जुना काढायची वेळ आली हे कशावरून ठरवायचं, यावर मात्र बरंच बोलता येईल, कारण दुकानात विचारलं तर दोनच उत्तरं मिळतात: "चालतोय तोवर चालू द्या" किंवा "नवीनच घेऊन टाका".

जुना ४५० वॅटचा, कार्यक्षमतेच्या ब्रॉन्झ दर्जाचा, २०१५ चा. वॉरंटी कधीच संपलेली. मधल्या काळात बोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड सगळं बदललं, हा तेवढा राहिला. वॅट कमी पडत होते म्हणावं तर तेही नाही. रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड असा संच गेम खेळतानाही २५० वॅटच्या आसपासच ओढतो.

पहिली कुरकुर इन्व्हर्टरवरून कळली. पूर्वी लाईन गेली की पंखा क्षणभर मंदावायचा आणि कॉम्प्युटर तसाच चालू राहायचा. मग तो अधूनमधून रीस्टार्ट व्हायला लागला. घरच्यांचं म्हणणं, बॅटरी गेली. पण त्याच लाईनवरचा राऊटर आणि टीव्ही ढिम्म हलत नव्हते, आणि इन्व्हर्टरमागचं बटण यूपीएस मोडवरच होतं. त्या मोडमध्ये लाईनवरून बॅटरीवर जायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ एसएमपीएसने आपल्या मोठ्या कपॅसिटरमधल्या (वीज साठवणाऱ्या भागातल्या) साठ्यावर तग धरायचा असतो. जुना घेतला तेव्हाच्या एटीएक्सच्या (कॉम्प्युटरच्या एसएमपीएससाठीच्या) नियमावलीत पूर्ण लोडवरही सुमारे १६-१७ मिलिसेकंदांची अपेक्षा होती. अर्ध्या लोडवर १० सुद्धा निघत नसतील, तर साठा आटलाय असं समजायला हरकत नाही.

दुसरं लक्षण डिसेंबरात आलं. सकाळी बटण दाबलं की पंखे अर्धी गिरकी घेऊन थांबायचे. दुसऱ्यांदा दाबलं की सुरू, आणि मग दिवसभर काही तक्रार नाही. दुपारी कितीही वेळा बंद-चालू करा, पहिल्या झटक्यात सुरू. गंमत अशी की मार खाल्लेला असतो उन्हाळ्यात आणि दुखतं हिवाळ्यात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू सुकतो. ढोबळ हिशेब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. मे महिन्यात आमच्याकडे बाहेरच ४५ अंश, कॅबिनेटच्या आतलं विचारूच नका. सुकलेल्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो, आणि गारठ्यात तो आणखी चढतो. म्हणून ८-१० अंशांच्या सकाळी आजार उघडा पडतो.

मल्टिमीटर लावला होता. पिवळी-काळी वायर (१२ व्होल्टची) ११.९, लाल-काळी (५ व्होल्टची) ५.०५. नियम ५ टक्क्यांचा, म्हणजे १२ व्होल्टला ११.४ ते १२.६ चालतं. कागदावर तब्येत ठणठणीत. पण साधा मीटर सरासरी दाखवतो. १२ व्होल्टवर स्वार झालेली लहर, जी १२० मिलिव्होल्टच्या आत हवी, ती ऑसिलोस्कोपशिवाय दिसत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: मीटरवर आकडा वाईट आला तर एसएमपीएस नक्की गेला, पण चांगला आला म्हणून तो चांगला ठरत नाही. विंडोजच्या नोंदीतलं 'कर्नल-पॉवर ४१' तर त्याहून निरुपयोगी. मशीन नीट बंद न होता बंद झालं, एवढंच ते सांगतं. रॅम तपासून आणि दुसऱ्या सॉकेटवर चालवून पाहिल्यावरच संशय इकडे वळवला.

काढल्यावर तो सीताबर्डीतल्या एका दुरुस्तीवाल्या भाऊंकडे उघडून घेतला. (घरी उघडू नका. मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर असतात आणि वायर काढल्यावरही काही वेळ राहतात.) आत खाकी रंगाचा थर दिसला, मी म्हटलं गळती. "तो गोंद आहे भाऊ, कंपनीतूनच लावून येतो. गळती पाहायची तर इकडं पाहा," म्हणत त्यांनी वायरींच्या जुडग्यामागे स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं. शेजारी-शेजारी दोन कपॅसिटर, डोक्यावरची फुलीची खाच वर फुगलेली, एकाच्या खाचेत तपकिरी पापुद्रा. बदलून द्यायला ते तयार होते, पैसेही फार नव्हते. मी नको म्हटलं. बाकीचे कपॅसिटर त्याच वयाचे, आणि पुढे जोडलेलं कार्ड मात्र महागाचं.

आता नवा. सकाळची दुसऱ्यांदा दाबायची सवय मोडली. लाईन गेल्यावर अजून एकदाही रीस्टार्ट नाही. मागे हायब्रिड पंख्याचं बटण आहे, त्यात कमी लोडवर पंखा बंद राहतो. उन्हाळाभर मी ते बंदच ठेवलं, कारण कूलरच्या घरघरीत १२० मिलिमीटरचा पंखा कोणाला ऐकू येणार! केबल सगळ्या सुट्या आहेत, पण जुन्या मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल यात किंवा इतर कशातही वापरू नका. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते, आणि हार्ड डिस्क जळायला तेवढं पुरतं.

वीजबिल वाचेल म्हणून ब्रॉन्झऐवजी या नव्यासारखा गोल्ड दर्जाचा घेणार असाल तर हिशेब करा. २०० वॅटचं काम ८५ ऐवजी ९० टक्के कार्यक्षमतेने झालं तर १३ वॅट वाचतात. रोज ४ तास धरले तर वर्षाला १९ युनिट, म्हणजे १० रुपये दराने दोनशे रुपयेही नाहीत. १०५ अंशांपर्यंत चालणारे कपॅसिटर आणि १० वर्षांची वॉरंटी, पैसे त्याचे मोजले. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर एसएमपीएस बदलून त्या जाणार नाहीत. तिथे इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग बघा.

वडिलांचा कॉम्प्युटर जवळपास त्याच वयाचा आहे. त्यात ग्राफिक्स कार्ड नाही, टॅली आणि बँकेची कामं एवढंच, बॅकअप रोज होतो. थंडीत एका झटक्यात सुरू होतो, लाईन गेली तरी टिकतो. तो बदललेला नाही. त्यात कार्ड टाकायचं ठरलं, तर आधी एसएमपीएस येईल.