मॉडबस आरटीयू की ॲस्की? सिरीयल पोर्टचा प्रोग्राम लिहिण्याआधी ठरवा

मॉडबस म्हणजे मीटरसारख्या उपकरणांशी बोलायची ठरलेली पद्धत; आरटीयू (कच्चे बाइट) आणि ॲस्की (तेच बाइट अक्षरांत लिहून) हे तिचे सिरीयल लाइनवरचे दोन मोड. आधी उपकरणांची मॅन्युअल उघडा. मॉडबसच्या सिरीयल मानकात आरटीयू सक्तीचं आहे, ॲस्की ऐच्छिक. एका लाइनवर सगळ्यांचा मोड एकच लागतो, त्यामुळे एका जरी मीटरला ॲस्की येत नसेल तर प्रश्न तिथेच मिटला.

दोन्ही चालत असतील तर वेग बघा. दहा होल्डिंग रजिस्टर (उपकरणातल्या १६ बिटी नोंदी) वाचायला आरटीयूत ८ बाइट जातात, २५ येतात. ॲस्कीत एका बाइटची दोन अक्षरं होतात, म्हणून १७ जातात, ५१ येतात. ९६०० बॉडला लाइनवरचा वेळ अनुक्रमे सुमारे ३८ आणि ७१ मिलिसेकंद. स्लेव्हचा, म्हणजे उत्तर देणाऱ्या उपकरणाचा, विचार करायचा वेळ वेगळा. चुका पकडण्यातही आरटीयू सरस. ॲस्कीचा एलआरसी हा तपासणीचा बाइट बेरजेवर चालतो, दोन बाइटांची अदलाबदल त्याला कळतच नाही. आरटीयूच्या १६ बिटी सीआरसी या तपासणीच्या आकड्याला कळते.

मग ॲस्की कशाला? फ्रेमच्या (एका पूर्ण संदेशाच्या) हद्दी पक्क्या असतात म्हणून. कोलनने सुरुवात, सीआर-एलएफने (१३ आणि १० या बाइटांनी) शेवट, मध्ये सेकंदभराची फट पडली तरी चालतं. आरटीयूत साडेतीन अक्षरांएवढी शांतता, म्हणजे ९६०० ला ४ मिलिसेकंद, झाली की फ्रेम संपली. रेडिओ मोडेम डेटा तुकड्यातुकड्यांनी सोडत असेल तर स्लेव्हला अर्धीच फ्रेम दिसते आणि तो गप्प बसतो. अशा ठिकाणी ॲस्कीच घ्या.

यूएसबी कन्व्हर्टर आहे एवढ्यासाठी मात्र आरटीयू सोडू नका. तो आलेले बाइट साठवून एकदम देतो, त्यामुळे पीसीवर शांतता मोजण्यात अर्थ नाही; लांबी मोजा. फंक्शन ३ च्या (होल्डिंग रजिस्टर वाचण्याच्या) उत्तरात तिसरा बाइट डेटा किती ते सांगतो, त्यात ५ मिळवले की पूर्ण फ्रेम. फंक्शन कोड १२८ ने वाढलेला दिसला तर ते एक्सेप्शन, म्हणजे त्रुटीचं उत्तर, एकूण ५ बाइट. प्रत्येक विनंतीआधी इनपुट बफर रिकामा करा, नाहीतर उशिरा आलेलं जुनं उत्तर नव्या विनंतीचं समजलं जातं.

लिनक्सवर पोर्ट रॉ मोडमध्येच (बाइटांत काहीही न बदलणाऱ्या) उघडा. नाहीतर १३ चा १० होऊ शकतो, आणि सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल चालू असेल तर १७ आणि १९ हे बाइट गिळले जातात. आरटीयूत मग ठराविक रीडिंगलाच सीआरसी चुकतो किंवा टाइमआउट येतो, आणि लोक केबल बदलत बसतात. ॲस्कीत शेवटची खूणच बिघडते.

आरएस-४८५ वर (जिथे पाठवणं आणि घेणं एकाच तारजोडीवर चालतं) दिशा हाताने बदलत असाल तर दोन्ही मोडना एकच धोका आहे: बफर रिकामा झाला तरी शेवटचा बाइट शिफ्ट रजिस्टरमध्येच (एकेक बिट तारेवर सोडणाऱ्या भागात) असतो. तेवढ्यात आरटीएस (दिशा ठरवणारा सिग्नल) सोडलं की आरटीयूत सीआरसीचा दुसरा बाइट कापला जातो, ॲस्कीत एलएफ. शिफ्ट रजिस्टर रिकामं झाल्याची बिट तपासा, किंवा ड्रायव्हरला आरएस-४८५ मोड असेल तर हे काम त्याच्याकडेच द्या.