शिडाची नाव आणि नाल्यावरचा बुटका पूल: डोलकाठी उतरवावी, नाव कलवावी, की रस्त्याने न्यावी?

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे बॅकवॉटर आले आणि आमच्याकडच्या कित्येक नाल्यांचे तळे झाले. धिवर भावांचे डोंगे नाल्यावरच्या पुलाखालून सहज ये-जा करतात, कारण त्यांना डोलकाठी नसते. पण शिडाची नाव घाटावर ठेवायची आणि मोकळे पाणी पुलापलीकडे, अशी ज्यांची गत आहे, त्यांनी नाव घेण्याआधीच हा विचार करून ठेवावा. आमची नाव 14 फुटी आहे आणि पाण्यापासून डोलकाठीच्या टोकापर्यंत 6.20 मीटर भरते.

हे माप नाव कोरडी असताना घेऊ नका. नाव पाण्यात, रोजचे सामान आणि माणसे आत, अशा वेळी शीड चढवायच्या दोरीला टेपचे टोक बांधून वर ओढा. खालचा टेप पाण्याला जिथे टेकतो तो आकडा खरा. टोकाला वाऱ्याची दिशा दाखवणारी पट्टी असेल तर तिची उंचीही त्यात धरा.

पुलाचे मापही असेच हाताने घ्यावे लागते. स्लॅबखाली तुळई असते, कुठे नळयोजनेचा पाइप लटकवलेला असतो. त्यातले जे सर्वांत खाली असेल तिथून दगड बांधलेला टेप पाण्यापर्यंत सोडा. आम्ही मोजले त्या दिवशी धरणाची पातळी समुद्रसपाटीपासून 243.90 मीटर होती आणि पूल व पाण्यामधली फट भरली 2.60 मीटर. म्हणजे पुलाचा तळ 246.50 वर आला. ही बेरीज एकदा केली की पुढे रोज पुलावर जायची गरज नाही, धरणाची पातळी विचारली की फट कळते. पूर्ण संचय पातळी 245.50 आहे, तेव्हा भरल्या धरणात आमच्या पुलाखाली जेमतेम 1 मीटर उरतो. मात्र हे गणित पाणी निवांत असतानाच चालते. नाल्याला पूर असला की वरच्या अंगाला पाणी चढते आणि धरणाचा आकडा फसवतो.

आता मार्ग. समुद्रावरचे लोक सांगतात, ओहोटीची वाट पाहा. तिकडे दिवसातून दोनदा ओहोटी येते, काही तासांत काम होते. आपल्याकडे पातळी उतरते ती सिंचनाला पाणी सोडत सोडत, महिनोन्‌महिने. उभ्या डोलकाठीसाठी तर ती कधीच पुरेशी उतरत नाही.

दुसरा सल्ला नाव कलवण्याचा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आंतरजलमार्गात बहुतेक पक्के पूल 65 फुटांचे आहेत, आणि थोडी उंच डोलकाठी असलेले लोक एका अंगाला पाण्याच्या जड पिशव्या लटकवून नाव तिरपी करतात. त्यांना फूट-दोन फूटच वाचवायचे असतात. आमची नाव 30 अंश कलवली तरी 6.20 चे 5.40 होतात. 2.60 मध्ये शिरायला 65 अंशांहून जास्त कलवावी लागेल, आणि त्याच्या कितीतरी आधी ती उलटेल. नागपूरचे सांडपाणी नाग आणि कन्हान नद्यांतून याच पाण्यात येते, जलपर्णीही माजलेली असते. इथे हा प्रयोग कुणी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिले दोन मार्ग, आणि खरी निवड त्यांच्यातच आहे.

डोलकाठी उतरवायला दोन माणसे आणि अर्धा तास पुरतो, खर्च काही नाही. बुडाशी बिजागरी असेल तर फारच सोपे. पण काठीला पुढून ताणून धरणारी तार सोडण्याआधी तिच्या जागी एक जाड दोरी बांधा आणि ती नावेच्या खुंटीला एक वेढा देऊन सोडत जा. पहिल्या वर्षी मी ती नुसती हातात धरली होती. काठी निम्म्यावर आली तेव्हा तिचा भार एकदम वाढला, दोरी तळहाताची साल काढत सरसर निघाली आणि काठी सुकाणूच्या दांड्यावर आदळून दांडा मोडला. मागे बसलेला माझा भाचा बोटभर अंतराने वाचला. तेव्हापासून काठी खाली येताना मागे कुणालाही बसू देत नाही.

पुलाच्या दोन खांबांमधल्या गाळ्यातून जाताना वल्ह्यानेच जा. काठी आडवी असल्याने शिडाचा उपयोग नसतो. पाण्याला ओढ असेल तर ओढीच्या विरुद्ध जाणे बरे, नाव ताब्यात राहते. ओढीबरोबर जायचेच असेल तर मागून काठावरच्या माणसाने दोरी धरावी. पाणी गढूळ होऊन वाढत असेल तर त्या दिवशी जाऊच नये. आमच्या घाटावरचे धिवर काका एवढेच म्हणतात, "पानी चढून रायलं का डोंगा बांधून ठेवाचा, भाऊ."

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने नाव पलीकडे नेणे महाग पडते. चार माणसे, ट्रॉलीचे भाडे, अर्धा दिवस. नावेखाली कुटाराची (भुशाची) पोती घालावी लागतात, नाहीतर बुडाला चरे पडतात. पण धरण भरलेले असताना दुसरा इलाज नाही, कारण आडवी काठी आणि बसलेल्या माणसाचे डोके मिळून 1.20 मीटर होतेच. वर अर्धा मीटर मोकळा असावा असा मी नियम ठेवला आहे.

ट्रॉलीवर काठी आडवीच बांधा. शेतावरून जाणाऱ्या 11 केव्हीच्या तारा उन्हाच्या तापाने आणखी लोंबतात, आणि ॲल्युमिनियमची काठी तारेला लागायचीही गरज नसते, फार जवळ गेली तरी वीज झेप घेते. पाण्यावरून तारा गेल्या असतील तिथेही हेच. पाणी चढते तसे तारेखालचे अंतर कमी होत जाते, म्हणून पुलाआधी तार लागत असेल तर काठी घाटावरच उतरवा.

आमच्या पुलाच्या मधल्या खांबावर, पुलाच्या तळापासून 1.70 मीटर खाली आम्ही पांढऱ्या ऑइलपेंटची रेघ ओढली आहे. रेघ उघडी दिसली की वल्ही काढतो, बुडालेली असली की ट्रॉलीवाल्याला फोन.