जत्रांचा नकाशा कशावर बांधायचा: माय मॅप्स, यूमॅप, लीफलेट की मॅपलिब्रे?

कवळ्याच्या शांतादुर्गेची जत्रा माघ शुद्ध पंचमीला, शिरगावच्या लईराईची वैशाख शुद्ध पंचमीला. तिथी पक्की, पण तारीख दरवर्षी हलते. गोव्यातल्या जत्रा आणि त्या रात्रींची मराठी नाटके नकाशावर मांडायची ठरवली, तर नकाशा एकदा करून भागत नाही. म्हणून साधन निवडताना माझा पहिला प्रश्न दिसण्याचा नसतो. पुढच्या वर्षी तारखा कोण बदलणार, हे आधी ठरवा.

मंडळात कोड लिहिणारे कोणी नसेल तर बहुतेकांचा हात गूगल माय मॅप्सकडे जातो. ठिकाणे-तारखांची गूगल शीट चढवली, खुणा उमटल्या, लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली, झाले. दहा थर (खुणांचे वेगवेगळे गट) आणि आयातीत एका थराला दोन हजार ओळी ही मर्यादा गावाच्या कामाला पुरून उरते. अडचण निराळीच आहे. शीट एकदा आत घेतली की ती सुटी पडते. मूळ शीटमध्ये तारीख बदलली तरी नकाशावर जुनीच राहते आणि पुन्हा आयात करावी लागते. एका उत्सवापुरता नकाशा हवा असेल तर याहून जास्त खटाटोप करू नका.

यूमॅप हे ओपनस्ट्रीटमॅपच्या, म्हणजे लोकांनी मिळून भरलेल्या मुक्त जगनकाशाच्या, फ्रेंच कार्यकर्त्यांचे साधन. मराठी माणसांत त्याचे नाव फारसे ऐकू येत नाही, याचे मला नवल वाटते. इथेही कोड लिहावा लागत नाही, पण थराला बाहेरच्या डेटाचा पत्ता देता येतो. गूगल शीट ‘वेबवर प्रकाशित’ करून तिचा सीएसव्ही (साध्या मजकुरातल्या तक्त्याचा) पत्ता दिला की सचिवांनी शीटमध्ये केलेला बदल थोड्या वेळाने नकाशावर दिसू लागतो. उद्या दुसरीकडे जायचे झाले तर सगळा डेटा बाहेर काढता येतो. दिसायला थोडे ओबडधोबड आहे, पण चालते.

यूमॅपच्या पोटात लीफलेटच आहे. ही २०११ साली व्होलोदिमिर अगाफोंकिन या युक्रेनियन प्रोग्रामरने आणलेली जावास्क्रिप्ट लायब्ररी, म्हणजे वेबपानात जोडायचा तयार कोड, आणि दाबलेल्या रूपात तिचे वजन साधारण ४२ केबी भरते. सत्तरी-सांगेच्या डोंगरभागात फोनला जेमतेम रेंज असताना हा हलकेपणा उपयोगी पडतो. मंडळात एचटीएमएल आणि थोडी जावास्क्रिप्ट येणारा एक जरी मुलगा किंवा मुलगी असेल तर मी डोळे मिटून लीफलेट सुचवेन. शीटमधून डेटा ओढा, गर्दीच्या खुणा एकत्र करायला मार्करक्लस्टर प्लगइन जोडा आणि गिटहब पेजेस या वेबपाने ठेवायच्या सेवेवर फुकट चढवा. तळाचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा असेल तर श्रेयाची ओळ पुसू नका. नकाशाचे चौकोनी तुकडे, म्हणजे टाइल्स, पुरवणारे त्यांचे सर्व्हर देणग्यांवर चालतात, तेव्हा टाइल्स घाऊक उतरवून ठेवायच्या नाहीत.

मॅपलिब्रेचा मोह मोठा. मॅपबॉक्स या कंपनीने २०२० च्या डिसेंबरात आपल्या नकाशा लायब्ररीचा परवाना बदलला, तेव्हा जुन्या मुक्त आवृत्तीतून ही शाखा फुटली. व्हेक्टर टाइल्समुळे (तयार चित्राऐवजी रेषा-आकारांचा डेटा असलेल्या तुकड्यांमुळे) झूम लोण्यासारखा सरकतो, नकाशा तिरपा करता येतो, नदीपासून रस्त्यापर्यंत प्रत्येक रंग आपल्या हातात. हजारो आकृत्याही ती सहज पेलते. पण देवनागरी? नकाशावरची अक्षरे ती स्वतः एकेक चिन्ह मांडून रंगवते, त्यामुळे जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या जागा सोडतात. ‘म्हार्दोळ’ असे दिसते की म्हार्दोळकराने ते ओळखू नये. पॉपअप आणि एचटीएमएल खुणा मात्र नीट दिसतात, कारण ते काम ब्राउझरचे.

लीफलेटमध्ये आपण लिहिलेली नावे ब्राउझरच रंगवतो, म्हणून ती शाबूत राहतात. तळाच्या नकाशावर गोव्यातली बहुतेक नावे रोमन लिपीतच दिसतील, एवढे सोसावे लागते. तळाची नावेही मराठीतच हवीत असा हट्ट असेल तर ओपनलेयर्स ही आणखी एक जावास्क्रिप्ट लायब्ररी बघा. तीही व्हेक्टर टाइल्स वाचते, पण अक्षरजुळणी ब्राउझरकडे सोपवते. शिकायला ती लीफलेटपेक्षा जड आहे, आणि ज्या जागेचे मराठी नाव कोणी ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भरलेच नाही ते ओपनलेयर्स तरी कुठून आणणार? तिथे आधी भरायला बसावे लागेल.

गूगलचा मॅप्स एपीआय, म्हणजे आपल्या वेबपानात गूगलचा नकाशा कोडने जोडायची सोय, मी या कामाला घेणार नाही. ठरावीक वापर फुकट असला तरी कार्ड जोडलेले बिलिंग खाते लागते, आणि मंडळात ते कार्ड कोणाचे, यावरच पहिली सभा संपेल.

साधन कोणतेही घ्या, गावाच्या नावावरून जागा शोधायचे काम यंत्रावर सोडू नका. केरी फोंड्यात आहे, सत्तरीत आहे आणि पेडण्यातही आहे. देवळासमोर उभे राहून फोनवरून घेतलेले अक्षांश-रेखांशच शीटमध्ये भरा. आणखी एक खोच आहे. जिओजेसन या नकाशाचा डेटा लिहायच्या प्रकारात रेखांश आधी लिहितात, लीफलेटमध्ये अक्षांश आधी. अदलाबदल झाली की पणजी थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडते. गोव्यात अक्षांश १४ किंवा १५ ने सुरू होतो आणि रेखांश ७३ किंवा ७४ ने, एवढे तपासले तरी पुरे. प्रकाशित केलेली शीट कोणीही उघडू शकतो, तेव्हा सभासदांचे फोन नंबर दुसऱ्या, खासगी शीटमध्ये ठेवा.

सीमेचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. ओपनस्ट्रीटमॅप प्रत्यक्ष ताब्यानुसार सीमा दाखवते, आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा ठरतो. लीफलेटमध्ये यावर सोपा इलाज आहे: मॅक्सबाउंड्स (नकाशा किती सरकू द्यायचा ती हद्द) गोव्याभोवती आवळा आणि मिनझूम (किती लांबून पाहू द्यायचे ती मर्यादा) इतका ठेवा की पेडण्यापासून काणकोणापर्यंतच दिसेल.