आईच्या धापेसाठी घरी पॅलिएटिव्ह सेवा: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आई जाऊन दोन महिने झाले. त्याआधीचे नऊ महिने आम्ही पुण्यात घरी येणाऱ्या एका पॅलिएटिव्ह टीमची, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या डॉक्टर-सिस्टरांची, सेवा घेतली. नाव देत नाही, कारण तक्रारीही लिहायच्या आहेत.

आईचं वय ७९. आजार सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार. घरात सगळे 'दमा'च म्हणायचे. विडी-सिगारेट आयुष्यात नाही, पण गावाकडच्या घरात तीस वर्षं चुलीपुढे बसून फुंकणीनं जाळ केलेला. आयसीयूच्या दोन वाऱ्या झाल्यावर छातीच्या डॉक्टरांनी ही सेवा सुचवली. बायको पटकन म्हणाली, "पण आईंना कॅन्सर कुठंय?" माझाही समज तोच होता. फुफ्फुस, हृदय, किडनी हळूहळू थकत जाते त्यांच्यासाठीही हे असतं, आणि शेवटच्या आठवड्यात नव्हे तर खूप आधी बोलवायचं असतं, हे तेव्हा कळलं.

पहिल्या दिवशी सिस्टर तासभर नुसती बोलत बसली. संडासपर्यंत किती वेळा थांबता आजी? रात्री नेमकं काय होतं? आई म्हणाली, "विहिरीत बुडाल्यासारखं होतं." दोन वर्षांत हे आम्ही तिला विचारलंच नव्हतं. आमच्याकडे ऑक्सिमीटर होता आणि दर तासाचा आकडा लिहिलेली वही होती. मोठ्या अभिमानानं ती पुढे केली. सिस्टरनं चाळून बाजूला ठेवली.

आकडा ९१ असतानाही आई पलंगाची दांडी धरून श्वास ओढायची, आणि आम्ही ऑक्सिजन वाढवायचो. सिस्टरनं सांगितलं, या आजारात ८८ ते ९२ एवढाच हवा असतो. उगाच वाढवला तर कार्बन डायऑक्साइड साठून पेशंट गुंगीत जाऊ शकतो. धाप लागणं वेगळं, ऑक्सिजन कमी असणं वेगळं. मग तिनं टेबलफॅन मागवला, गाल आणि नाकावर झोत येईल असा लावला, आणि मांडीवर उशी घेऊन त्यावर कोपर टेकून पुढं झुकायला शिकवलं. एवढ्यासाठी यांना बोलावलं का, असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण नऊ महिन्यांत सगळ्यात जास्त उपयोग त्या फॅनचाच झाला.

दुसरा नंबर मॉर्फिनचा, म्हणजे धाप कमी करायला दिलेल्या, अफूपासून बनणाऱ्या औषधाचा. १० मिलिग्रॅमच्या गोळीचे चार तुकडे करून एक तुकडा, आणि पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ होण्याचं औषध. ते चुकवू नका, बद्धकोष्ठता हमखास होते. पहिले तीन दिवस मळमळ होती, मग गेली. मामा भडकले, "सख्ख्या बहिणीला अफू चारताय?" डॉक्टरांनी त्यांना शांतपणे समजावलं की एवढ्या कमी डोसमध्ये, त्यांच्या देखरेखीखाली, व्यसनाची भीती धरायचं कारण नाही. मामांना ते पटलं नाही. आईनंच मिटवलं, "अरे, आपल्याला लहानपणी बाळागोळी दिली, तिच्यात काय केशर होतं?" हे औषध कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात २०१४ मध्ये बदल होऊन नियम सुटसुटीत झाले, तरी मान्यता असलेल्या संस्थेतूनच घ्यावं लागतं. टीमकडून ते मोजून मिळायचं, हीच मोठी सोय.

आता मशीन. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र, भाड्यानं घेतला. आवाज जुन्या फ्रीजसारखा, पहिला आठवडा कुणाला झोप नाही. आम्ही मशीन पॅसेजमध्ये ठेवून लांब नळी घेतली. फिल्टर दर आठवड्याला धुवायचा, बाटलीत डिस्टिल्ड पाणीच घालायचं. वीजबिल चांगलंच वाढतं. गुरुवारी वीज जाते हे पुणेकरांना सांगायला नको, म्हणून बी टाइप सिलिंडर भरून ठेवा. मिनिटाला दोन लिटर धरले तर साधारण बारा तास पुरतो. ऑक्सिजन चालू असताना जवळ निरांजन, उदबत्ती नाही, ओठांना व्हॅसलीनही नाही. आमचं देवघर आईच्याच खोलीत होतं. बॅटरीचा दिवा आणला तर म्हणाली, "याला देव फसायचा नाही." शेवटी निरांजन स्वयंपाकघरात गेलं आणि आरतीची घंटा तेवढी तिच्या हातात राहिली.

चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी विषय काढला, पुन्हा आयसीयू हवं का? आई म्हणाली, "त्या मास्कनं जीव नकोसा केला होता. परत नाही." शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायला सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. आम्ही नोटरीला घरी बोलावलं. सही करताना तिचा हात थरथरला नाही, माझाच साक्षीदारांची नावं सांगताना आवाज गेला.

तक्रारी. रात्रीचा फोन दहापैकी आठ वेळा उचलला गेला, पण जे दोन वेळा नाही ते आठच्या आठ विसरायला लावतात. सिस्टर रजेवर गेली की बदली येणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. टीम दिवसरात्र बसत नाही. त्यासाठी ब्युरोतून बाई ठेवावी लागली, आणि खरा खर्च तिथं झाला. चार बायका बदलल्या.

शेवटची रात्र शनिवारची. दोन वाजता घशात घरघर लागली. मी फोनवर आकडा सांगायला लागलो, तर सिस्टर म्हणाली, "दादा, आकडा राहू द्या. कपाळाला आठ्या आहेत का? हात कशाला तरी धरतायत का?" नव्हतं तसं काही. कुशीवर वळवायला सांगितलं. ती घरघर थुंकी गिळता येत नाही म्हणून असते, ऐकणाऱ्याला त्रास जास्त होतो, म्हणाली. मावशी चमच्यानं पाणी घालायला निघाल्या होत्या, त्यांना थांबवून ओल्या कापसानं ओठ टिपले. ऑक्सिमीटर मी ड्रॉवरमध्ये टाकला. पावणेसहाला आई गेली. फॅन चालूच होता.

त्यानंतर मात्र रविवार आडवा आला. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला, नमुना ४-अ, डॉक्टरांनी द्यावा लागतो. टीमचे डॉक्टर साडेदहाला पोचले, तोवर माणसं दारात उभी. सही कोण करणार, सुट्टीच्या दिवशी कोण येणार, हे पहिल्याच महिन्यात विचारून नंबर भिंतीवर लिहा. आम्ही विचारलं नाही.

तेराव्यानंतर सिस्टर उरलेलं मॉर्फिन न्यायला आली. सतरा गोळ्या आणि तीन तुकडे. तिनं दोनदा मोजले, माझी सही घेतली, चहा घेतला आणि मामांच्या गुडघ्याची चौकशी करून गेली.