आधी प्राणी की आधी परिसर?

नवं प्राणीपात्र घडवायचं तर दोन वाटा आहेत. ओळखीचा प्राणी, समजा कोल्हा, निवडायचा आणि त्याला आपल्या कथेतल्या वाळवंटात किंवा बर्फात नेऊन सोडायचं. नाहीतर आधी जागा पक्की करायची आणि तिथे कोण तगेल याचा विचार करत शरीर उभं करायचं.

पहिली वाट झटपट आहे. टोकदार तोंड आणि झुबकेदार शेपूट दिसली की वाचक कोल्हा लगेच ओळखतो. पण बरेच चित्रकार नुसता रंग बदलून थांबतात, आणि तिथेच पात्र खोटं वाटू लागतं. सहारातल्या फेनेक कोल्ह्याचे कान 15 सेंटीमीटरपर्यंत वाढतात. अंगातली उष्णता त्यांतून बाहेर पडते, वाळूखालच्या किड्यांची चाहूलही लागते. आर्क्टिक कोल्ह्याचे कान आणि मुस्कट आखूड, तळपायांवरसुद्धा केस. थंड प्रदेशात कान, पाय, शेपूट आखूड होत जातात, हा नियम जोएल अ‍ॅलन यांनी 1877 मध्ये मांडला. म्हणून ही वाट घेतलीत तर निदान कान आणि पावलं तरी नव्याने काढा.

दुसरी वाट वेळखाऊ, तरी माझा कौल तिलाच. तिच्यातून स्वभावही हाती लागतो. मादागास्करमध्ये सुतारपक्षी नाहीत. त्यांचं काम तिथे आय-आय करतो. माकडांचा दूरचा नातलग असलेला हा निशाचर प्राणी बोटाने लाकूड ठोकून आतल्या अळ्यांचा माग काढतो, दातांनी भोक पाडतो आणि काडीसारख्या मधल्या बोटाने अळी ओढून काढतो. अन्न, अवयव, सवय, सगळं एकमेकांत गुंतलेलं! तुमचा प्राणी सतत धुक्यात राहत असेल तर तो आवाजावर विसंबेल, कळपापासून जरा दुरावला तरी हाका घालेल. भित्रा की मायाळू, ते इथूनच ठरू लागतं.

या वाटेचा धोका एकच: सगळं पटण्याजोगं असूनही पात्र लक्षात राहत नाही. आकृती पूर्ण काळी भरून पाहा. तरीही ओळखू आली तर पुढे जा.

वाघाचं डोकं, गरुडाचे पंख अशी जोडणी मी सहसा सुचवणार नाही. ती भव्य दिसते, पण परिसराशी तिचा मेळ क्वचितच बसतो.

चिमुकल्यांसाठी छोटी गोष्ट असेल तर पहिली वाट पुरेशी आहे. लांब मालिका किंवा खेळ असेल तर दुसरी घ्या, तिथे वाचक त्या जगात पुन्हापुन्हा येतो. वाट कुठलीही असो, डोळे आधी ठरवा. शिकाऱ्याचे बहुधा समोर असतात, भक्ष्याचे बाजूला. बाजूच्या डोळ्यांतून भाव दाखवणं अवघड, तेव्हा राग-लोभ कान आणि मानेतून दाखवावा लागेल.